रोड सायकलवाल्यांची पहिली माउंटन बाइक: हार्डटेल घ्यावी की फुल सस्पेन्शन?

वर्षानुवर्षं डांबरी रस्त्यावर सायकल चालवणारा माणूस माउंटन बाइक घ्यायला निघाला की पहिला प्रश्न वजनाचा विचारतो. दुसरा ठरलेला: पेडल मारलेली ताकद सस्पेन्शनमध्ये वाया जाते का? रस्त्यावर हे दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. मातीच्या वाटेवर मात्र त्यांचा नंबर बराच मागे लागतो. तिथे आधी विचारायचं ते हे की, तुमच्या मागच्या चाकाखाली बहुतेक वेळ काय असणार आहे? याचं प्रामाणिक उत्तर मिळालं की अर्धी निवड झालीच. उरलेली अर्धी बजेट आणि देखभालीची तयारी ठरवतात.

दोन प्रकारांतला फरक थोडक्यात असा. हार्डटेलला फक्त पुढे सस्पेन्शन फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा आणि धक्के झेलणारा चिमटा, असतो. मागचं चाक रोड सायकलसारखंच थेट फ्रेमला जोडलेलं. फुल सस्पेन्शनमध्ये फ्रेमचा मागचा भाग पिव्हटवर, म्हणजे बिजागरीसारख्या सांध्यांवर, हलतो आणि त्याची हालचाल शॉक आवरतो. चाक जास्तीत जास्त जितकं वर-खाली होऊ शकतं ते अंतर म्हणजे ट्रॅव्हल, आणि ते मिलिमीटरमध्ये सांगतात.

पायरी १: वाटांची यादी करा, स्वप्नांची नाही

कागद घ्या आणि पुढच्या काही महिन्यांत खरोखर कुठे चालवणार ते लिहा. व्हिडिओत पाहिलेले कडे आणि उड्या यात धरायच्या नाहीत. घरून निघून सकाळच्या वेळात परत येता येईल अशा वाटा धरायच्या. प्रत्येक वाटेपुढे तीन गोष्टी टाका: जमीन कशी आहे (घट्ट माती, सुटे खडे, रुतलेले दगड, झाडांची मुळं), उतार किती तीव्र आहे, आणि वाटेपर्यंत पोचायला डांबरी रस्ता किती कापावा लागतो.

यादीत रुंद कच्चे रस्ते, शेताच्या कडेच्या पायवाटा आणि घट्ट मातीचा सिंगलट्रॅक (एका सायकलीपुरती अरुंद वाट) जास्त असेल, तर हार्डटेल पुरेशी आहे. बरेचदा तीच जास्त मजा देते. दगड आणि मुळं सलग येत असतील, म्हणजे एक अडथळा ओलांडून श्वास घ्यायच्या आत दुसरा समोर, तर पारडं फुल सस्पेन्शनकडे झुकतं. आणि यादीत फक्त कच्चे रस्तेच निघाले, तर तुम्हाला बहुधा ग्रॅव्हल सायकल, म्हणजे जाड टायरची रोडसारखी सायकल, हवी आहे. ४५-५० मिमी टायर घेणारी ग्रॅव्हल सायकल असलं काम मजेत करते आणि तिच्यावर बसल्या दिवसापासून तुम्हाला घरच्यासारखं वाटेल.

डांबरी अंतराला रोडवाले उगाच घाबरतात. वाटेपर्यंत आठ-दहा किलोमीटर जायचे असतील तर फुल सस्पेन्शनचा शॉक लॉक करा किंवा त्याचा घट्ट मोड लावा, झालं. रस्त्यावर वेग खाणारे मुख्य दोघे म्हणजे जाड नक्षीचे टायर आणि ताठ बसायची ढब, आणि ते दोघेही हार्डटेलवर असतातच. वेगाची आणखी एक मर्यादा गिअरची. रोडवरच्या ५० बाय ११ ला (पुढच्या चक्रीला ५० दात, मागच्या चक्रीला ११) पेडलच्या एका फेऱ्यात चाक साडेचार वेळा फिरतं, माउंटन बाइकच्या ३२ बाय १० ला ३.२ वेळा. सपाटीवर पाय लवकर भिंगरी होतात. त्याच्या बदल्यात ३२ बाय ५१ हा चढाचा गिअर मिळतो, ज्यात एका फेऱ्याला चाक जेमतेम ०.६ वेळा फिरतं. खड्या मातीच्या चढावर त्याची किंमत कळते.

पायरी २: मागचं सस्पेन्शन नक्की काय करतं ते समजून घ्या

'आरामासाठी' हे उत्तर अर्धवट आहे. मागच्या सस्पेन्शनचं खरं काम टायर जमिनीला चिकटवून ठेवणं हे आहे. हार्डटेलचं मागचं चाक दगडावर आपटलं की उडतं, आणि हवेतल्या चाकाला ना ब्रेक लागतो ना पेडलचा जोर. फुल सस्पेन्शनमध्ये चाक दगडावरून वर जातं आणि लगेच खाली येतं, तुमचं अंग जवळपास जागेवरच राहतं. उतारावर याचा अर्थ ब्रेकवरचा ताबा. चढावर याचा अर्थ पकड, आणि रोडवाल्यांना नेमकं हेच ठाऊक नसतं. मुळांनी भरलेल्या चढावर फुल सस्पेन्शनवाला सीटवर बसून एका लयीत पेडल मारत राहतो, हार्डटेलवाल्याला दर अडथळ्याला बूड उचलावं लागतं आणि लय तुटते. बसून, ठरलेल्या लयीत चढ काढायची तुमची सवय असेल तर ती फुल सस्पेन्शनवर जास्त कामी येते.

आता ताकद वाया जाण्याबद्दल. पेडल मारताना सायकल वरखाली डुलते त्याला बॉब म्हणतात. जुन्या डिझाइनमध्ये तो त्रास खरा होता. आजच्या फ्रेममध्ये पिव्हटच्या जागा अशा निवडतात की चेनचा ताण शॉकला दबू देत नाही. बसून गोल पेडल मारलं तर डोलणं अगदी थोडं जाणवतं, उभं राहून स्प्रिंट मारली की जास्त. गुळगुळीत चढावर हार्डटेल अजूनही सरस आहे. पेडल दाबलं की पुढे उसळण्याची तिची ती तडफ रोडवाल्याच्या लगेच ओळखीची वाटते, आणि पहिल्याच फेरीत मन जिंकते.

वजनाच्या नादी लागणाऱ्यांसाठी शर्यतींचं उदाहरण बोलकं आहे. ऑलिम्पिकमध्ये माउंटन बाइकची क्रॉस-कंट्री शर्यत १९९६ साली अटलांटात आली. २०१२ ला लंडनमध्ये यारोस्लाव्ह कुल्हावी आणि २०१६ ला रिओमध्ये निनो शुर्टर यांनी फुल सस्पेन्शनवर सुवर्ण जिंकलं. टोकियो आणि पॅरिस, दोन्ही ठिकाणी जिंकणारा टॉम पिडकॉक तर रोड रेसिंगमधलाही मोठा खेळाडू, आणि त्याची सायकलही फुल सस्पेन्शनच होती. ग्रॅम-ग्रॅम मोजणाऱ्या मंडळींनी जास्तीचं वजन पत्करलं, कारण खडकाळ फेरीत वाचणारी दमछाक त्या वजनाहून मोलाची ठरली. अर्थात त्यांच्या दिमतीला मेकॅनिक असतो. तुमच्या दिमतीला तुम्हीच.

पायरी ३: ट्रॅव्हलचा आकडा ठरवा

- १००–१२० मिमी: क्रॉस-कंट्री. हलकी, चपळ, चढाला उत्तम. लांब अंतर कापणाऱ्या रोडवाल्याला सर्वांत लवकर रुळते.
- १२०–१५० मिमी: ट्रेल. चढ-उतार दोन्हींचा समतोल.
- १५०–१८० मिमी: एन्ड्युरो. उतारासाठी बांधलेली, चढ नुसता सोसायचा.
- २०० मिमीच्या आसपास: डाउनहिल. वर जायला गाडी किंवा लिफ्ट लागते. या लेखात तिचा संबंध नाही.

नवख्याने हार्डटेलला १२० ते १३० आणि फुल सस्पेन्शनला मागे ११५ ते १३० या पट्ट्यातच राहावं असं माझं स्पष्ट मत आहे. हार्डटेलला १५० मिमीचा फोर्क लावला की वेगळीच अडचण होते. पुढचं टोक दबतं, मागचं दबत नाही, त्यामुळे उतारावर सायकल आणखी पुढे झुकते आणि हेड अँगल, म्हणजे फोर्कचा जमिनीशी होणारा कोन, नेमका नको त्या वेळी उभा होतो. फुल सस्पेन्शन दोन्हीकडून दबते म्हणून तिचा तोल फारसा बिघडत नाही.

हेड अँगलकडेही एकदा बघून घ्या. रोड सायकलचा ७२ ते ७४ अंश असतो. क्रॉस-कंट्रीचा साधारण ६६ ते ६८, ट्रेलचा ६४ ते ६६. हा आकडा जितका कमी, तितकं पुढचं चाक लांब आणि उतारावर सायकल शांत. सपाटीवर मंद वेगात मात्र हँडल जड वाटतं. पहिल्या दहा मिनिटांत ते खटकतं, मग विसरायला होतं.

पायरी ४: पैसे कशावर खर्च होतात ते पाहा

इथे बहुतेकांची निवड होते, आणि बिघडतेही. एकाच किमतीच्या दोन सायकली समोर ठेवा, एक हार्डटेल आणि एक फुल सस्पेन्शन. दुसरीत शॉक, पिव्हट, बेअरिंग, जोडणीचे सुटे भाग आणि गुंतागुंतीची फ्रेम यांचे पैसे कुठूनतरी निघालेले असतात. ते फोर्क, ब्रेक, चाकं आणि गिअरमधून निघतात. वजनही साधारण दीड-दोन किलो जास्त भरतं.

म्हणून स्वस्तातली फुल सस्पेन्शन घेऊ नका. डँपिंग (उसळी आवरायची सोय) नसलेला स्प्रिंगचा शॉक नुसता उसळतो आणि चाक जमिनीला चिकटवण्याऐवजी उडवतो. म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले तेच होत नाही. बजेट मर्यादित असेल तर चांगली हार्डटेल कधीही बरी.

पैसे कुठे लावायचे त्याचा क्रम माझ्या लेखी असा: फोर्क, ब्रेक, टायर, ड्रॉपर पोस्ट, आणि मग गिअर. रोडवाले नेमकं उलटं करतात. आधी ग्रुपसेटचं, म्हणजे गिअर-ब्रेकच्या संचाचं, नाव बघतात, कार्बन आहे का विचारतात. फोर्क हवेच्या स्प्रिंगचा असावा आणि त्याला रिबाउंड, म्हणजे दबल्यावर परत वर येण्याचा वेग, ठरवायचा नॉब असावा. चाकांना आरपार जाणारे जाड आस, म्हणजे थ्रू-अ‍ॅक्सल असावेत. ब्रेक हायड्रॉलिक, पुढचा रोटर (ब्रेकची चकती) शक्यतो १८० मिमी.

ड्रॉपर पोस्टबद्दल दोन शब्द जास्त. हँडलवरचं बटण दाबून अंगाचा भार दिला की सीट खाली जाते, भार काढून परत दाबलं की वर येते. रोडवाल्याला हा चोचला वाटतो. पण तुमची सीट चढासाठी पूर्ण वर असणार, आणि तीव्र उतारावर तीच सीट मागून ढकलून तुम्हाला हँडलवरून पुढे पाठवायला बघणार. ड्रॉपर नसलेली फुल सस्पेन्शन आणि ड्रॉपर असलेली हार्डटेल यांत मी डोळे मिटून दुसरी उचलेन.

आणि नाही, तुमची रोडची चाकं इथे बसत नाहीत. २९ इंची माउंटन बाइकचा रिम आणि ७००सी रोडचा रिम यांचा टायर बसायचा व्यास एकच आहे, ६२२ मिमी. पण हब, म्हणजे चाकाचा मधला गाभा, वेगळे. आजच्या बहुतेक माउंटन बाइकना पुढे ११० आणि मागे १४८ मिमीचं बूस्ट हब लागतं, डिस्क ब्रेकवाल्या रोड सायकलींना साधारणपणे १०० आणि १४२ मिमीचं. रोडवरून आणता येण्यासारखी गोष्ट म्हणजे तुमची आवडती सीट.

पायरी ५: माप रोडच्या आकड्यांवरून काढू नका

'मी ५४ ची चालवतो' याचा इथे उपयोग नाही. कंपनीच्या तक्त्यात रीच (फ्रेमची पुढे पोच) आणि स्टॅक (तिची उंची) बघा. माउंटन बाइकची फ्रेम लांब असते, हँडल धरणारा दांडा, म्हणजे स्टेम, आखूड (३५ ते ५० मिमी) आणि हँडल रुंद (७४० ते ८०० मिमी). रोडच्या सवयीने कुणी कुणी लगेच ९० मिमीचा स्टेम लावतात, म्हणजे पुढे वाकून बसता येतं. त्याने सायकलचं वळण बिघडतं आणि भार पुढच्या चाकावर येतो. लांब वाटली तर एक माप लहान घ्या, स्टेमशी खेळू नका. हँडल फार रुंद वाटलं तर ते दोन्हीकडून सारखं कापता येतं, पण आधी काही आठवडे तसंच चालवून मग ठरवा.

लहान मापाच्या फुल सस्पेन्शनमध्ये त्रिकोणातली जागा शॉक खातो, त्यामुळे बाटली एकच बसते, कधी तीही कशीबशी. लांब राइड आणि फ्रेमबॅग हा तुमचा शौक असेल तर हार्डटेलच्या बाजूने हा मोठा मुद्दा आहे.

पायरी ६: चाचणी घ्या, पण दुकानाबाहेरच्या रस्त्यावर नको

पार्किंगमध्ये दोन फेऱ्या मारून हार्डटेल नेहमीच जिंकते. गुळगुळीत जमिनीवर मागच्या शॉकला करण्यासारखं काही नसतं. भाड्याने किंवा डेमोला मिळाली तर तुमच्या यादीतल्या वाटेवर, निदान तशाच जमिनीवर न्या. निघण्याआधी सॅग लावून घ्या, नाहीतर चाचणी फुकट.

सॅग म्हणजे तुम्ही सगळ्या सामानासकट सायकलवर स्थिर बसल्यावर सस्पेन्शन किती दबतं ते. फोर्कला ट्रॅव्हलच्या १५ ते २० टक्के, म्हणजे १२० मिमीच्या फोर्कला १८ ते २४ मिमी. मागच्या शॉकला ट्रेलसाठी २५ ते ३० टक्के, क्रॉस-कंट्रीसाठी थोडं कमी. मागे टक्केवारी चाकाच्या ट्रॅव्हलवर न काढता शॉकच्या दांड्याच्या प्रवासावर, म्हणजे स्ट्रोकवर काढा. स्ट्रोक ४५ मिमी असेल तर ११ ते १३ मिमी. दांड्यावरचं रबरी कडं सीलपर्यंत ढकला, हळूच बसा, हळूच उतरा, कडं किती सरकलं ते मोजा. हवा भरायला शॉकचा वेगळा छोटा पंप लागतो. टायरचा उभा पंप तिथे लावू नका.

मग तेच दोन-तीन किलोमीटर दोन्ही सायकलींवर, एकदा चढ आणि एकदा उतार. घड्याळ बघू नका. उतार संपल्यावर हात आणि पोटऱ्या किती आखडल्यात, चढावर मागचं चाक किती वेळा घसरलं, आणि परत वर जावंसं वाटलं का, एवढंच बघा.

पायरी ७: देखभालीचा हिशेब तासांत मांडा

रोडवर आपण किलोमीटर मोजतो. सस्पेन्शनची सर्व्हिस तासांत मोजतात. फोर्कच्या खालच्या नळ्या उघडून साफ करणं आणि तेल बदलणं अनेक कंपन्या ५० तासांनी सांगतात, काही १०० हून जास्त. डँपरची मोठी सर्व्हिस त्याहून उशिरा. हे दोन्ही प्रकारांना लागू. फुल सस्पेन्शनला त्यावर शॉकच्या हवेच्या डब्याची सर्व्हिस आणि पिव्हटची बेअरिंग येतात. चिखलात आणि पावसात चालवलं की बेअरिंग लवकर जातात. पाण्याचा जोराचा फवारा मारून धुण्याची हौस असेल तर आणखी लवकर.

आठवड्याला पाच तास चालवणाऱ्याचे ५० तास अडीच महिन्यांत भरतात. शॉक उघडू शकणारा मेकॅनिक जवळपास नसेल आणि स्वतः शिकायची इच्छाही नसेल, तर वाट कितीही दगडी असो, मी हार्डटेलच सुचवेन. सील गेलेला शॉक घेऊन फिरणारी फुल सस्पेन्शन ही फक्त जड हार्डटेल असते, तीही लटपटणारी.

पायरी ८: शरीर आणि सवयी

'आधी हार्डटेलच घ्या, ती चालवायला शिकवते' हा सल्ला सगळीकडे मिळेल. त्यात तथ्य आहे: चुकीची रेघ धरली की हार्डटेल लगेच चपराक देते, आणि माणूस पुढचं बघून वाट निवडायला लागतो. पण ही शिकवणी घाबरलेल्या विद्यार्थ्याला झेपत नाही. पहिल्याच महिन्यात दर उतारावर अंग आखडून, ब्रेक आवळून जाणारा माणूस शिकत काहीच नाही, फक्त सहन करतो. पाठीचा किंवा मानेचा जुना त्रास असेल, किंवा तुमच्या भागात सौम्य वाटाच नसतील, तर सरळ फुल सस्पेन्शनवर सुरुवात करा. शिकायचं तिथेही राहतंच. फरक इतकाच की चूक जरा जास्त वेगात कळते.

सायकल कोणतीही असो, रोडच्या काही सवयी मोडाव्या लागतात. पेडल न मारता जाताना दोन्ही पाय समांतर ठेवा, एक पाय खाली लोंबता ठेवलात तर पेडल दगडावर आपटेल. फुल सस्पेन्शन दबली की पेडलही खाली येतात, म्हणून तिथे जास्त जपा. वळणावर रोडसारखं सायकलसोबत अंग कलंडवू नका. सायकल खाली कलू द्या, अंग तिच्यावर उभं राहू द्या. ब्रेक वळणाआधी, एका बोटाने. खड्या मातीच्या चढावर उभं राहिलात की मागचं चाक फिरकी घेतं, त्यामुळे सीटच्या टोकाला सरकून बसा आणि छाती खाली आणा. क्लीटची (बुटाच्या तळाला लावायच्या, पेडलमध्ये अडकणाऱ्या पट्टीची) घाई नको. सुरुवातीला खिळ्यांची सपाट पेडल लावा, म्हणजे पाय हवा तेव्हा निघतो. नंतर लावायच्या झाल्या तर दोन बोल्टच्या क्लीट, रोडच्या तीन बोल्टच्या क्लीट घालून दगडांवर चालता येत नाही.

टायरमधली हवा ही सगळ्यांत अवघड सवय. साधारण ७० किलोच्या माणसाला २.४ इंची ट्युबलेस टायरमध्ये पुढे २०-२२ आणि मागे २३-२५ पीएसआय पुरते. रोडवाल्याचा हात ४० च्या खाली थांबतच नाही. खडबडीत जमिनीवर कडक टायर वेगवान नसतो, तो दर खड्याला तुम्हाला वर फेकतो आणि तुमचाच वेग खातो. हार्डटेलला मागे दोन पीएसआय जास्त ठेवा, कारण रिमवर बसणारा दणका झेलायला तिथे दुसरं काही नाही. रोडच्या पंपाचा काटा इतक्या कमी दाबाला भरवशाचा नसतो, वेगळा छोटा गेज घ्या.

जुनी घेत असाल तर

हार्डटेलची तपासणी तुम्हाला रोडवरून येतेच: भेगा, चाकांचा खळखळाट, चेनची झीज. फुल सस्पेन्शनची वेगळी. सीट धरून सायकलचं मागचं टोक हळूच वर उचला आणि सोडा. चाक उचललं जाण्याआधी हाताला खट्ट असा सैलपणा जाणवला तर बेअरिंग किंवा शॉकचे बुशिंग (त्याच्या टोकांच्या जोडातले अस्तर) गेलेत. मागचं चाक धरून आडवं हलवा, लचका पिव्हटमध्ये आहे की हबमध्ये ते बघा. शॉकमधली हवा सोडून मागचा भाग हाताने वर-खाली करा. तो लोण्यासारखा फिरायला हवा, अडखळला की बेअरिंग बदलायचा खर्च किमतीत धरा. शेवटी फोर्कच्या आणि शॉकच्या चकचकीत दांड्यांवरून नख फिरवा. नख अडकेल असा ओरखडा असेल तर तिथून तेल आणि हवा गळत राहणार. अशा वेळी भाव पाडून घेण्यापेक्षा दुसरी सायकल शोधा.